दोन वाजता की बारा वाजता?

आज जरा भांडायचंय, तेव्हा चहा घेऊन बसा.

आपल्याकडे दहावीचा निकाल लागला की घराघरांत एक वाक्य ऐकू येतं, "फ्रेंच घे, स्कोअरिंग आहे." मुलं घेतात, धातू चालवून दाखवतात, उतारे सोडवतात आणि नव्वदच्या वर मार्क आणतात. पेढे वाटले जातात. मात्र त्या मुलासमोर एखादा फ्रेंच माणूस उभा केला, तर दोघंही दोन मिनिटांत इंग्रजीवर येतात. आणि "उच्चाराचं काय?" असं विचारलं की ठरलेलं उत्तर मिळतं, "ते तिकडे गेल्यावर येतं आपोआप." माझं भांडण या 'आपोआप'शी आहे.

मी ३४ वर्षं मराठी आणि संस्कृत शिकवलं. लेक ल्योंला असते, म्हणून ६७व्या वर्षी फ्रेंचच्या वर्गात जाऊन बसले. तेव्हा हे बोलणं ऐकीव नाही.

आधी एक घडलेली गोष्ट सांगते. नात्यातली एक मुलगी शिकायला ल्योंला गेली. बारावीला फ्रेंचमध्ये वर्गात पहिली. तिकडे खोली शोधत होती. घरमालकीण फोनवर म्हणाली साडेबाराला ये, हिने ऐकलं अडीचला. पोचली तोवर खोली दुसऱ्याला दिलेली होती. फ्रेंचमध्ये 'दोन वाजता' आणि 'बारा वाजता' यांत फरक आहे तो फक्त एका स्वराचा. दोन या शब्दाचं एरवी मुकं असणारं शेवटचं अक्षर 'वाजता'च्या आधी आलं की 'झ' होऊन बोलू लागतं, त्यामुळे मागचं सगळं सारखंच. हिच्या वहीत दोन्हीकडे 'दूझर' लिहिलेलं! मार्क पूर्ण, खोली गेली.

आता तो स्वर बघा. 'ए' म्हणा, जीभ तिथेच ठेवा आणि ओठ मात्र 'ओ'सारखे गोल करा. झाला फ्रेंच 'दोन'चा स्वर. दुसरा असाच. 'ई' म्हणा, जीभ हलवू नका आणि ओठ 'ऊ'सारखे पुढे काढा. फ्रेंच 'तू'मधला स्वर हा. तो न साधता सरळ 'ऊ' म्हणणाऱ्याचं 'वर' आणि 'खाली' एकच होतं, दोन्ही 'दसू'. हे समजायला पाच मिनिटं लागतात आणि जिभेवर बसायला पाच आठवडे. ते पाच आठवडे द्यायचे कधी? माझं म्हणणं, पहिल्या दिवसापासून. कारण चुकीचा उच्चार एकदा वहीत आणि कानात बसला की तो खरवडून काढणं नव्याने शिकवण्यापेक्षा अवघड असतं. शिशुवर्गाला शिकवणाऱ्या कोणत्याही बाईंना विचारा.

दुसरं भांडण आहे इंग्रजीच्या वळणाशी. आपण फ्रेंच शिकतो ते इंग्रजीच्या खांद्यावर बसून. अहो, कशाला? फ्रेंचमधला 'त' आणि 'द' आपल्यासारखाच दातांना जीभ लावून म्हणायचा. प, त, क म्हणताना इंग्रजासारखा हवेचा झोत सोडायचा नाही. प आणि फ, त आणि थ वेगळे ठेवायची सवय आपल्याला पाळण्यातच लागलेली असते. तरी आपली पोरं 'ताब्ल'चं 'टाब्ल' करतात, कारण डोळ्यांपुढे इंग्रजी टेबल असतं. इंग्रजीत शब्दातल्या एका अक्षरावर घाव घालून बाकीची गिळतात. फ्रेंचमध्ये प्रत्येक अक्षराला साधारण सारखा वेळ देऊन शेवटचं जरा लांबवतात. मराठी कानाला हे इंग्रजीपेक्षा कितीतरी जवळचं आहे.

अनुनासिकांची तर गंमतच आहे. गोळीला फ्रेंचमध्ये 'बोंबों' म्हणतात. आपण वाचतो 'बोम्बो', कारण आपला अनुस्वार पुढच्या व्यंजनाप्रमाणे बदलतो, आंब्यात म् आणि अंतात न्. फ्रेंचला तो म् नको, नुसता स्वर नाकातून हवा. आणि हा स्वर आपल्याकडे होता! जुन्या पुस्तकांत 'केलें', 'गेलों', 'कां' असे अनुस्वार छापलेले तुम्ही पाहिले असतील. १९६२च्या लेखननियमांनी ते काढून टाकले. कोकणातल्या म्हाताऱ्यांच्या बोलण्यात ते राहिले आणि कोंकणीत तर आजही ठणठणीत आहेत. शाळेत कोकणातून आलेल्या मुलाला 'नाकात बोलतो' म्हणून हसत. फ्रेंचच्या वर्गात त्यालाच पहिल्या बाकावर बसवायला हवं!

आणि शब्द जोडणं? 'मित्र' या शब्दाआधी अनेकवचनाचं उपपद आलं की मुका स् जागा होऊन 'लेझामी' होतं. संस्कृत शिकलेल्याला संधीचं काय कौतुक! पण इथेही कान हवा. 'इल्झों' म्हणजे त्यांच्याकडे आहे, 'इल्सों' म्हणजे ते आहेत. काही शब्दांआधी जोडायला मनाई असते. 'नायक' हा त्यातलाच, जोडून म्हटलात तर नायकांची शून्यं होतात. आपल्या वैदिकांनी पदपाठ वेगळा आणि संहितापाठ वेगळा असा म्हणून घेतला तो याच कारणासाठी, शब्द सुटा कसा आणि जोडल्यावर कसा.

आता तुमच्यातले काही म्हणतील (आमचे धाकटे दीर तर नक्कीच), "आजी, ही सगळी साहेबी नक्कल आहे. आपण आपल्या ढंगात बोलावं." माझंही तेच मत आहे हो. पण हेल वेगळा आणि उच्चार वेगळा. 'पाणी'ला 'पानी' म्हणणाऱ्याचं बोलणं साऱ्या महाराष्ट्राला कळतं, त्याला हसणारा मूर्ख. परंतु परका माणूस 'फळ' मागताना 'पळ' म्हणाला, तर फळवाला बिचारा पळायचा. पहिला हेल आहे, तो राहू द्या. दुसऱ्याने अर्थच बुडतो.

खुद्द फ्रान्समध्येही हा वाद आहे. झां कास्तेक्स २०२०मध्ये पंतप्रधान झाले तेव्हा त्यांच्या नैऋत्येकडच्या हेलाची टिंगल झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरात तिथल्या कनिष्ठ सभागृहाने हेलावरून भेदभाव करण्याविरुद्धचं विधेयक मंजूर केलं. कौन्सिल ऑफ युरोपच्या भाषा-चौकटीनेही २०१८च्या सुधारित मजकुरात उच्चाराची कसोटी बदलली, 'तिथल्या माणसासारखं' बोलण्याऐवजी 'समजेल असं' बोलण्यावर भर दिला. म्हणूनच घशातल्या 'र'साठी गुळण्या केल्यासारखे आवाज काढण्यात तास घालवणं मला पटत नाही. आपला मराठी र त्यांना कळतो. तो वेळ स्वरांना द्या.

मग करायचं काय? पुस्तक थोडं उशिरा उघडा. बाई दोन शब्द म्हणतील, मुलांनी डोळे मिटून कुठला ते बोटांनी दाखवायचं. आधी कान, मग तोंड. ओठांसाठी हातात आरसा. घरी ध्वनिमुद्रण लावून मागोमाग म्हणायचं, आपला आवाज मोबाइलवर घेऊन ऐकायचा. आपल्याकडे याला संथा म्हणतात, नवीन काहीच नाही. आणि वहीत देवनागरी उच्चार लिहू नका. मी वर लिहिलेत ते नुसती खूण म्हणून, त्यांवरून फ्रेंच बोलायला जाल तर तुमचीही खोली जाईल. त्याऐवजी शब्दकोशातली ध्वनिलिपी शिका. १८८६ साली पॅरिसमध्ये पोल पासी आणि त्याच्यासारख्या भाषाशिक्षकांनी जी संघटना काढली तिच्यातूनच ही लिपी आली. मास्तरांनी मुलांसाठी केलेलं काम आहे ते, पंडितांनी पंडितांसाठी केलेलं नाही.

राहता राहिला मार्कांचा प्रश्न. 'देल्फ' परीक्षेत १००पैकी २५ गुण ऐकण्याचे आणि २५ बोलण्याचे असतात. म्हणजे अर्धी परीक्षा कान आणि जिभेची. आपण पोरांना उरलेल्या अर्ध्यासाठी तयार करतो आणि वर पेढे वाटतो.

असो. ज्यांच्या घरी यंदा कुणी फ्रेंच घेतलंय त्यांनी एक करा. मुलाला आज रात्री 'दोन वाजता' आणि 'बारा वाजता' म्हणायला सांगा. दोन्ही सारखंच ऐकू आलं, तर उद्या शाळेत जाऊन बाईंशी नम्रपणे बोला. भांडायची वेळ आलीच तर मला बोलवा, मी येते!