गुलाबपुष्प नको, तक्रार समिती हवी



मी जिल्हा कोर्टात वकिली करते. दर 8 मार्चला वकील संघ आम्हाला गुलाबपुष्प देतो. पण आम्ही स्त्री वकिलांची संघटना बांधायचे म्हटले की लगेच विचारतात, 'कायद्यापुढे सगळे समान, मग वेगळी चूल कशाला?'

समान कधीपासून? 1916 साली कलकत्ता हायकोर्टाने रेजिना गुहांना सनद नाकारली. कायद्यातल्या 'व्यक्ती'मध्ये बाई बसत नाही, असा तो न्याय! नाशिकला जन्मलेल्या, ऑक्सफर्डला कायदा शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजींनाही वर्षानुवर्षे ताटकळावे लागले. स्त्रीला वकिली करता येईल हे सांगायला 1923 चा कायदा करावा लागला.

आज सनद मिळते. पण सुरक्षितता? लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा आम्ही अशिलांना समजावतो. आमच्याच ज्युनिअरला दुसऱ्या वकिलाने छळले तर? मुंबईच्या यूएनएस विमेन लीगल असोसिएशनने हाच प्रश्न उच्च न्यायालयात नेला. जुलै 2025 मध्ये उत्तर मिळाले : बार कौन्सिल आणि वकील यांच्यात मालक-नोकराचे नाते नाही, म्हणून तिथे तो कायदा लागू नाही, अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टच्या कलम 35 खाली गैरवर्तनाची तक्रार करा.

आता फरक पाहा. 2013 च्या कायद्यातल्या समितीची अध्यक्ष स्त्री असते, निदान निम्म्या सदस्य स्त्रिया असतात. बार कौन्सिलच्या शिस्तपालन समितीत तिघे असतात; त्यांत एक तरी बाई हवी, अशी अट 1961 च्या त्या कायद्यात नाही. ज्यांच्यासमोर रोज उभे राहायचे त्यांच्याच बिरादरीपुढे आपला छळ सांगायचा!

म्हणून संघटना हवी, आणि ती हळदीकुंकवापुरती नको. प्रत्येक वकील संघाने ठराव करून स्त्रियांचे बहुमत असलेली, बाहेरची सदस्य घेतलेली तक्रार समिती नेमावी. ज्युनिअरला ठरलेले मानधन मिळावे. तालुका कोर्टातही स्वच्छतागृह आणि पाळणाघर असावे. 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपल्या बार असोसिएशनच्या कार्यकारिणीत एकतृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखायला लावल्या. तोच नियम तालुक्याच्या बारपर्यंत आणायला आपल्यालाच भांडावे लागेल.

हे फक्त वकील बायांचे दुखणे नाही. पोटगीची, मारहाणीची केस घेऊन तुम्ही जिच्याकडे येता, ती छळाला कंटाळून कोर्ट सोडून गेली तर तुमच्या बाजूने उभे कोण राहणार? तेव्हा महिला मंडळांनो, पुढच्या मोर्चाच्या निवेदनात या मागण्याही लिहा.