वस्तू घेतली, तर यादी हातात द्या

वसई-विरारच्या नागरिकांनो,

गुन्ह्याच्या तपासासाठी खासगी मालमत्ता ताब्यात घेण्याचा अधिकार पोलिसांना आहे आणि तो असायलाच हवा. अपघातातला टेम्पो, फसवणुकीतला संगणक, चोरीचे दागिने जप्त केल्याशिवाय तपास पुढे सरकत नाही. त्यामुळे या पत्रकाचा आक्षेप जप्तीवर नाही, कागदाविना होणाऱ्या जप्तीवर आहे. जिच्याकडून वस्तू घेतली त्या व्यक्तीला त्याच जागी, त्याच वेळी, काय घेतले याची सही केलेली यादी मिळालीच पाहिजे, एवढी एकच गोष्ट आम्ही मांडत आहोत. वालीवच्या गाळ्यातला कामगार असो, नालासोपाऱ्याचा रिक्षाचालक असो की अर्नाळ्याचा मच्छीमार, मोबाइल गेला की त्याचे पैशांचे व्यवहार, कामाचे संपर्क आणि ओळखीची कागदपत्रे एकाच वेळी जातात. ‘उद्या ठाण्यात या’ हे तोंडी वाक्य त्याच्या हाती काहीच ठेवत नाही.

कायदा याविषयी गप्प नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९ नुसार अटक केलेल्या माणसाच्या अंगझडतीत वस्तू जप्त केली तर तिची पावती त्याला द्यावीच लागते. घराची किंवा दुकानाची झडती झाली तर कलम १०३ नुसार पंचांसमक्ष यादी करून तिची प्रत तिथल्या रहिवाशाला द्यावी लागते. कलम १०५ ने आणखी एक पाऊल टाकले. झडती आणि जप्तीचे, यादी तयार करण्यापासून साक्षीदारांच्या सह्यांपर्यंत, दृकश्राव्य चित्रीकरण सक्तीचे केले आणि ते विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायला सांगितले. मात्र रस्त्यावर, नाकाबंदीत किंवा चौकशीला बोलावून होणारी जप्ती बहुधा कलम १०६ खाली येते. तिथे दंडाधिकाऱ्यांना तात्काळ कळवण्याचे बंधन आहे, पण मालकाला प्रत द्या असे शब्द नाहीत. ज्याला अटकही झालेली नाही आणि ज्याच्या घराची झडतीही झालेली नाही, अशा माणसाचे संरक्षण अटक झालेल्या आरोपीपेक्षा कमी ठरते. साक्षीदाराचा फोन तपासासाठी घेतला तर त्याच्या हाती पावती नाही आणि आरोपीच्या हाती आहे, हे कोणत्या न्यायाला धरून आहे? इंग्लंडमध्ये १९८४ च्या पोलीस आणि फौजदारी पुरावा कायद्याच्या कलम २१ ने ही फट बुजवली आहे. वस्तू जप्तीआधी ज्याच्या ताब्यात होती त्याने मागणी केली, की पोलिसांनी नोंद द्यायची.

या कागदावर पुढचे सगळे अवलंबून आहे. संहितेच्या कलम ४९७ नुसार मुद्देमाल न्यायालयापुढे आल्यापासून १४ दिवसांत त्याचे वर्णन तयार व्हायचे, छायाचित्रे काढायची आणि त्यानंतर ३० दिवसांत त्याच्या विल्हेवाटीचा किंवा परतीचा आदेश द्यायचा. मुदत चांगली आहे, पण वस्तू न्यायालयाच्या नजरेस येईपर्यंत ती सुरूच होत नाही. कागदावर न आलेल्या फोनसाठी ना १४ दिवस मोजले जातात ना ३०. सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००२ सालीच बजावले होते की जप्त वाहने पोलीस ठाण्याच्या आवारात सडत ठेवू नयेत, मुद्देमाल पंधरा दिवस ते महिन्याभरापेक्षा जास्त काळ ठाण्यात राहू नये. त्याआधी, १९७७ मध्ये, तत्कालीन म्हैसूर राज्यातल्या एका प्रकरणात पोलिसांच्या ताब्यातून नाहीशा झालेल्या ऐवजाची किंमत सरकारने भरून द्यावी असे त्याच न्यायालयाने ठरवले. ऐवज ताब्यात होता हे सिद्ध झाले, म्हणून भरपाई मिळाली. जिथे यादीच नाही, तिथे काय हरवले हे मालकाने सिद्ध करायचे तरी कसे?

यादीसोबत पंचही खरे हवेत. कायदा त्याच परिसरातले, स्वतंत्र आणि प्रतिष्ठित असे किमान दोन रहिवासी मागतो. भीमा-कोरेगाव प्रकरणी पुणे पोलिसांनी २०१८ च्या ऑगस्टमध्ये केलेल्या कारवाईत पुणे महापालिकेचे कर्मचारी पंच म्हणून पोलिसांबरोबर बाहेरगावी नेले गेले. सर्वोच्च न्यायालयात न्या. धनंजय चंद्रचूड यांनी आपल्या अल्पमताच्या निकालपत्रात त्यावर कठोर शब्दांत बोट ठेवले. बहुमताचा निकाल वेगळा लागला, हे खरे. पण पंचनाम्याची सुरुवातच डळमळीत असेल, तर नंतर सापडलेल्या प्रत्येक फाइलवर संशय राहतो. संगणक आणि मोबाइलच्या बाबतीत तर ‘एक काळा मोबाइल’ ही नोंद निरुपयोगी आहे. आयएमईआय क्रमांक, सिम, मेमरी कार्ड, फोन चालू होता की बंद, त्यावर मोहोर लावली का, हे लिहिले पाहिजे. आतील माहितीची प्रत काढताना तिचे हॅश मूल्य, म्हणजे त्या माहितीचा गणिती ठसा, नोंदवले, तर पुढे एक अक्षर जरी बदलले तरी ते उघड होते.

यावर पहिला आक्षेप असा, की पोलीस अपुरे आहेत, बंदोबस्तातून त्यांना उसंत नाही. ते खरेच आहे. पण सहीची अर्ध्या पानाची यादी करायला दहा-पंधरा मिनिटे पुरतात, आणि ज्या मोबाइलवर चित्रीकरण करायचे, त्यावरच यादीचा फोटो काढून मालकाला पाठवता येतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. जप्तीची माहिती दंडाधिकाऱ्यांना उशिरा कळवली म्हणून जप्ती रद्द होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये शेंटो वर्गीस प्रकरणात सांगितले. मग एवढा आग्रह कशाला? पण त्याच निकालात विलंबाचा खुलासा पोलिसांनी द्यावा, समाधानकारक खुलासा नसेल तर खात्याने कारवाई करावी, असेही म्हटले आहे. खटला वाचला याचा अर्थ कर्तव्य संपले असा होत नाही. ‘ज्याच्या मनात पाप नाही त्याला भीती कसली’ असे म्हणणाऱ्यांना एवढेच सांगायचे, की यादी प्रामाणिक पोलिसाचेही रक्षण करते. पाकिटात दोन हजार होते की वीस हजार, या आरोपाला उत्तर देणारा दुसरा पुरावा त्याच्याकडे नसतो. आणि उगाच त्रास देण्यासाठी मालमत्ता जप्त करणाऱ्या पोलिसाला महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम १४७ खाली शिक्षा होऊ शकते.

मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय १ ऑक्टोबर २०२० ला सुरू झाले. कलम १०६ खालच्या प्रत्येक जप्तीची सही केलेली प्रत मालकाला जागेवरच द्यावी, असा आदेश काढायला आयुक्तांना संसदेच्या दुरुस्तीची वाट पाहावी लागत नाही. तो आदेश त्यांनी काढावा आणि वसई, माणिकपूर, वालीव, तुळिंज, आचोळे, पेल्हार, विरार, अर्नाळा, मांडवी अशा प्रत्येक ठाण्याच्या दर्शनी भागात मराठीत लावावा. तोपर्यंत, नागरिकांनो, वस्तू द्या, अडथळा आणू नका, पण यादी मागा. ती मिळाली नाही तर त्याच दिवशी वस्तूचे वर्णन, वेळ, जागा आणि अधिकाऱ्याचे नाव लिहून ठाणे अंमलदाराकडे अर्ज द्या आणि तुमच्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. शिक्का नाकारला, तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पोलीस आयुक्तांना पाठवा आणि पोस्टाची पावती जपून ठेवा.