परक्या अंगणातले पंडित

२०१७ च्या डिसेंबरात, ज्या आठवड्यात ओखी वादळ आपल्या किनाऱ्याकडे येता येता समुद्रातच विरले, त्याच आठवड्यात सुरतेच्या लालभाई कॉन्ट्रॅक्टर स्टेडियमवर रणजी करंडकाचा एक उपान्त्यपूर्व सामना सुरू झाला. विदर्भ विरुद्ध केरळ. दोन्ही संघ परगावचे. गुजरातचा संघ त्याच दिवसांत दुसऱ्या गावी बंगालशी झुंजत होता. तेव्हा शहरात या सामन्याची चर्चा बेताचीच झाली, यात नवल नाही. आम्हां मराठी मंडळींपैकी जी थोडी तिकडे फिरकली, ती नागपूर-अमरावतीकडच्या नात्याच्या ओढीने. परंतु त्या सामन्यात मैदानाबाहेर, तंबूत बसलेली दोन माणसे आम्हांला मैदानावरील बावीस जणांइतकीच पाहण्यासारखी वाटतात.

केरळचे प्रशिक्षक होते डेव्ह व्हॉटमोर. जन्म कोलंबोचा, वाढ ऑस्ट्रेलियातली. कसोटी सामने अवघे सात. पुढे १९९६ साली याच गृहस्थांच्या हाताखाली श्रीलंकेने विश्वचषक जिंकला आणि त्यानंतर बांगलादेश, पाकिस्तान, झिंबाब्वे असे मुलूख करीत ते केरळात येऊन पोचले होते. विदर्भाच्या तंबूत होते चंद्रकांत पंडित. पंडित म्हटले की आमच्या पिढीला आकाशवाणीवर अस्सल मराठीत सामना ऐकवणारे बाळ ज. पंडित आधी आठवतात. हे पंडित निराळे. मुंबईचे, रमाकांत आचरेकर सरांच्या तालमीत तयार झालेले यष्टिरक्षक. यांच्या नावावर कसोटी सामने पाच.

पाच आणि सात! दोघांची बेरीज एक डझन. एवढ्या तुटपुंज्या शिदोरीवर माणूस दुसऱ्याला काय शिकवणार, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. या लेखात आम्हांला त्याच प्रश्नाचा थोडा विचार करावयाचा आहे.

पंडितांचे खेळाडू म्हणून जे आयुष्य गेले, ते सतत कोणाच्या तरी शेजारच्या खुर्चीवर. १९८६ साली लीड्सला त्यांनी कसोटीत पदार्पण केले, ते फलंदाज म्हणून. यष्टींमागे किरण मोरे उभे होते. पुढेही बहुधा मोरेच उभे राहिले. १९८७ च्या विश्वचषकातील वानखेडेवरचा उपान्त्य सामना त्यांना मिळाला, तो दिलीप वेंगसरकर खेळू शकले नाहीत म्हणून. ३६ एकदिवसीय सामने, पाच कसोट्या, आणि १९९२ मध्ये तो अध्याय मिटला. प्रथम श्रेणीच्या सामन्यांत मात्र त्यांनी आठ हजारांवर धावा जमवल्या. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात ते मुंबई सोडून मध्य प्रदेशाकडे गेले.

मुंबईकर खेळाडूने दुसऱ्या प्रांताकडून खेळणे ही त्या काळी काही अपूर्व गोष्ट नव्हती. आपल्याकडे अशा फिरत्या कसबी माणसांची परंपरा जुनी आहे. भाऊसाहेब निंबाळकरांचेच पाहा ना. जन्म कोल्हापूरचा, बडोदे, महाराष्ट्र, होळकर, रेल्वे अशा किती तरी संघांकडून ते खेळले, १९४८ साली काठेवाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या आणि एकही कसोटी सामना त्यांच्या वाट्याला आला नाही. कोणी संस्थानिकाच्या आश्रयाला गेले, कोणी रेल्वेच्या नोकरीला. ज्याची भाकरी खायची त्याच्यासाठी जीव तोडून खेळायचे, एवढाच नियम. सुरत-बडोद्याकडच्या मराठी घरांना हा नियम कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. गायकवाडांच्या चाकरीत आलेले आमचे पणजोबा असोत की खानदेशातून लिंबायत-उधन्याला मागावर कामाला आलेला तरुण असो, दोघांचा धर्म एकच.

मध्य प्रदेशाने पंडितांना कर्णधार केले. १९९८-९९ च्या हंगामात त्यांनी संघाला थेट अंतिम सामन्यात नेले. बंगलोरला, चिन्नास्वामी मैदानावर, कर्नाटकाविरुद्ध पहिल्या डावात आघाडीही घेतली. सामना अनिर्णित राहिला असता तरी करंडक इंदूरला आला असता. शेवटच्या दिवशी विजय भारद्वाजने फिरकीचा असा काही फास आवळला की सारा संघ कोसळला आणि मध्य प्रदेश ९६ धावांनी हरला. इंदूरच्या होळकरांच्या संघाने चार रणजी विजय मिळवले होते, त्यातला शेवटचा १९५२-५३ चा. त्यानंतरचा दुष्काळ संपता संपता राहिला. कर्णधाराच्या मनाला तो सल लागून राहिला, हे त्यांनी स्वतःच पुढे अनेकदा बोलून दाखवले.

खेळणे थांबल्यावर ते शिकवू लागले. मुंबईला त्यांनी २००२-०३ आणि २००३-०४ असे लागोपाठ दोन करंडक मिळवून दिले. मध्यंतरी राजस्थानसारख्या ठिकाणी काम करून ते परत मुंबईला आले आणि २०१५-१६ चा करंडकही घेतला. पुढच्या वर्षी मुंबई पुन्हा अंतिम फेरीत पोचली. प्रतिस्पर्धी कोण, तर आपला गुजरात! जानेवारी २०१७, मैदान इंदूरचे. पार्थिव पटेलने १४३ धावांची खेळी केली, चौथ्या डावात ३१२ धावांचे लक्ष्य गुजरातने गाठले आणि प्रथमच रणजी करंडक जिंकला. त्या संध्याकाळी सुरतेतल्या कित्येक मराठी घरांत मोठी गंमत झाली असणार. आजोबांचे तोंड उतरलेले, आणि येथेच जन्मून येथल्या शाळेत गुजराती शिकलेला नातू फटाके शोधतो आहे. दोघेही आपल्या जागी बरोबरच होते, असे आमचे मत आहे.

मुंबईने त्यानंतर पंडितांच्या जागी समीर दिघे यांना नेमले. अंतिम सामना हरलेला प्रशिक्षक म्हणजे मुंबईच्या हिशेबी नापास. पंडितांनी गाठोडे बांधले आणि ते नागपूरला गेले.

विदर्भ १९५७-५८ पासून रणजी करंडक खेळत होता आणि साठ वर्षांत त्याने तो एकदाही जिंकला नव्हता. संघात वासिम जाफर आणि गणेश सतीश हे बाहेरून आलेले अनुभवी खेळाडू होते, फैज फझल कर्णधार होता, उमेश यादवसारखा वेगवान गोलंदाज होता. उणीव होती ती आपण जिंकू शकतो या खात्रीची. आता सुरतेच्या त्या सामन्याकडे वळू. विदर्भाचा पहिला डाव २४६ धावांत आटोपला. केरळ त्या वर्षी प्रथमच या टप्प्यावर पोचला होता आणि त्याला संधी उघड दिसत होती. परंतु रजनीश गुरबानी या इंजिनिअर झालेल्या तरुणाने पाच गडी टिपले आणि केरळला १७६ वर रोखले. मग विदर्भाने ५०७ धावांचा डोंगर उभा केला आणि शेवटी आदित्य सरवटेच्या डावखुऱ्या फिरकीपुढे केरळचा दुसरा डाव १६५ वर संपला. ४१२ धावांनी विजय! सत्तर धावांच्या आघाडीवर समाधान न मानता प्रतिपक्षाला पार दमवून टाकायचे, ही मुंबईची जुनी खडूस रीत नागपूरच्या पोरांच्या अंगी मुरली होती, हे सुरतेच्या मैदानावर प्रथम लख्ख दिसले. पुढे कोलकात्याला कर्नाटकाविरुद्धचा उपान्त्य सामना त्यांनी अवघ्या पाच धावांनी जिंकला. अंतिम सामना दिल्लीशी, आणि मैदान पुन्हा इंदूरचे, जेथे वर्षापूर्वी पंडित हरले होते. गुरबानीने हॅटट्रिक घेतली, यष्टिरक्षक अक्षय वाडकरने शतक ठोकले, आणि २०१८ च्या पहिल्याच दिवशी विदर्भाच्या हाती करंडक आला. पुढच्या वर्षी, सौराष्ट्राला हरवून, दुसऱ्यांदा.

अशा माणसाजवळ असते तरी काय? आमच्या समजुतीप्रमाणे, ज्याला स्वतःचे स्थान कधी गृहीत धरता आले नाही, त्याला संघातल्या अकराव्या आणि बाराव्या माणसाचे मन कळते. थोर खेळाडूला पुष्कळ गोष्टी आपसूक जमलेल्या असतात. त्या कशा जमल्या हे त्याला सांगता येतेच असे नाही. फिरत्या कसबी माणसाने मात्र एकेक गोष्ट घासून, विचारून, नव्या गावी नव्या माणसांत रुजून मिळवलेली असते. शिवाय यष्टिरक्षकाची जागा अशी, की सारा सामना त्याच्या डोळ्यांसमोरून जातो.

तथापि या गुरुजींची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्यांची शिस्त लष्करी. मध्य प्रदेशाचे काम त्यांनी २०२० मध्ये हाती घेतले, तेव्हा कर्णधार आदित्य श्रीवास्तवला लग्नासाठी दोनच दिवस सुटी मिळाल्याचे वर्तमानपत्रांत छापून आले होते. (नव्या सूनबाईंचे मत कोणी विचारल्याचे वाचनात नाही.) पुढे कोलकाता नाइट रायडर्सचे ते मुख्य प्रशिक्षक झाले, तेव्हा एका परदेशी खेळाडूने या कडक पद्धतीविषयीची नाराजी जाहीरपणे सांगितली. त्याच संघाने २०२४ ची आयपीएल जिंकली; त्या यशात मार्गदर्शक गौतम गंभीर यांचा वाटा मोठा मानला गेला. २०२५ मध्ये पंडितांनी ते पद सोडले. जी छडी रणजीतल्या होतकरू मुलांना चालते, ती कोट्यवधींना विकत घेतलेल्या पाहुण्यांना चालेलच असे नाही.

परंतु जून २०२२ मधील बंगलोरचा तो अंतिम सामना त्यांच्याकडून कोणीही हिरावून घेऊ शकत नाही. तेच चिन्नास्वामी मैदान, तोच मध्य प्रदेश. मध्ये तेवीस वर्षे. आणि समोर मुंबई. मुंबईने ३७४ धावा केल्या. यश दुबे, शुभम शर्मा, रजत पाटीदार अशा तिघांच्या शतकांनी मध्य प्रदेशाने ५३६ चे उत्तर दिले आणि सामना सहा गडी राखून जिंकला. मध्य प्रदेशाचा हा पहिलाच रणजी करंडक. कठोर म्हणून प्रसिद्ध असलेले पंडित मैदानावर सर्वांदेखत रडले. ज्या मुंबईने त्यांना घडवले तिलाच हरवून ते रडत होते. त्या आसवांत काय काय मिसळलेले असेल, हे मातृभूमी एक आणि कर्मभूमी दुसरी असलेल्या वाचकांनीच ओळखावे.

हरलेल्या मुंबईचे प्रशिक्षक त्या दिवशी होते अमोल मुझुमदार. तेही आचरेकर सरांचेच शिष्य. शारदाश्रमाच्या ज्या सामन्यात तेंडुलकर-कांबळीने ६६४ धावांची भागीदारी केली, त्यात पॅड बांधून वाट पाहत बसलेला पुढचा फलंदाज म्हणजे हेच. मुंबई, आसाम, आंध्र असे फिरून त्यांनी अकरा हजारांवर धावा केल्या, कसोट्या शून्य. २०२३ मध्ये ते भारतीय महिला संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले आणि २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला हरवून विश्वचषक जिंकला.

आणि सुरतेत भेटलेले ते दोन संघ? २०२५ च्या आरंभी विदर्भ आणि केरळ नागपूरला रणजीच्या अंतिम सामन्यातच समोरासमोर आले. विदर्भाचा कर्णधार होता अक्षय वाडकर. सामना अनिर्णित राहिला, पण पहिल्या डावातील ३७ धावांच्या आघाडीवर विदर्भाने तिसरा करंडक घेतला. केरळकडून त्या डावात ७९ धावा झाल्या त्या आदित्य सरवटेच्या. सुरतेला केरळचा दुसरा डाव गुंडाळणारा नागपूरचा तोच मुलगा, आता केरळचा व्यावसायिक खेळाडू म्हणून आपल्याच गावच्या मैदानावर पाहुणा आला होता.