पाठीवरचं घर

बालमित्रांनो, गोगलगाय पाहिलीत ना? आपलं घर पाठीवर घेऊन कशी निवांत चालते! तुम्ही दोन दिवसांच्या पदभ्रमणाला निघालात, तर तुमचंही घर पाठीवरच असणार. अंथरूण-पांघरूण, खाऊ, पाणी, औषध, सगळं! फक्त गोगलगायीला सामान भरावं लागत नाही, तुम्हाला ते भरावं लागतं. आणि ते आईनं नाही हं, तुम्हीच भरायचं.

जुलै महिन्यात पन्हाळगड ते पावनखिंड या वाटेवर दरवर्षी पुष्कळ मुलं-माणसं चालतात. १२ जुलै १६६० च्या रात्री शिवाजी महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटले आणि भर पावसात विशाळगडाकडे निघाले. दुसऱ्या दिवशी बाजीप्रभू देशपांडे आणि बांदल मावळ्यांनी घोडखिंड रोखून धरली. तीच आजची पावनखिंड. मसाई पठार, करपेवाडी, आंबेवाडी, पांढरेपाणी अशी ही वाट. साधारण ५० किलोमीटरच्या आसपास चाल, वरून पाऊस आणि पायाखाली चिखल! बरेच गट रात्री वाटेवरच्या वाडीत मुक्काम करतात. तुमचं पहिलंच पदभ्रमण असेल, तर तयारी महिनाभर आधी सुरू करायला हवी.

सुरुवात पायांपासून. पहिल्या आठवड्यात रोज ३ किलोमीटर चाला. मग दर रविवारी अंतर वाढवा : ५, ८, १२. शेवटचे दोन रविवार सॅक पाठीला लावून चाला. रस्त्याबाहेरची, चढउताराची वाट निवडा. बूट याच दिवसांत घालून मऊ करा. निघायच्या आदल्या दिवशी कोरे बूट आणलेत, तर पहिल्या दुपारीच टाचेला फोड येणार! चालताना टाच चुरचुरू लागली, की लगेच थांबायचं, पाय कोरडा करायचा आणि तिथे चिकटपट्टी लावायची. 'पुढच्या गावात बघू' म्हणायचं नाही.

आता थोडं गणित. वजनकाट्यावर आधी नुसते उभे राहा, मग सॅक घेऊन. वजाबाकी करा. तुमचं वजन ४० किलो असेल, तर पाण्यासकट सॅक ५ किलोच्या आसपास असू द्या. जास्त भरली? मग काय काढाल? जीनची पँट काढा. ती भिजली की जड होते आणि वाळता वाळत नाही. त्याऐवजी खेळाची पातळ पँट घ्या.

भरताना सॅकच्या आत आधी एक मोठी प्लॅस्टिकची पिशवी उघडून ठेवा आणि सगळं सामान तिच्यात भरा. रात्रीचे कोरडे कपडे आणि मोजे वेगळ्या पिशवीत घट्ट बांधा. हे कपडे दिवसा काही झालं तरी घालायचे नाहीत. ओल्या अंगानं वाऱ्यात झोपलं, तर पावसाळ्यातही माणूस काकडून आजारी पडतो. जड वस्तू पाठीला लागून, मध्यावर ठेवा. बॅटरी, शिट्टी आणि खाऊ वरच्या कप्प्यात ठेवा.

खाऊ कोणता? दशम्या, गूळ-शेंगदाणे, चिक्की, खजूर. हे पावसात टिकतं आणि चालता चालता खाता येतं. पाणी उकळलेलं प्या, किंवा क्लोरीनचे थेंब बाटलीवर लिहिल्याप्रमाणे घालून अर्धा तास थांबा. ओढ्याचं पाणी दिसायला स्वच्छ असलं, तरी वर गुरं चरत असतात, बरं का! खाऊचे कागद खिशात ठेवून घरी आणा. शौचाला ओढ्यापासून शंभर पावलं लांब जा, वीतभर खड्डा करा आणि नंतर मातीनं बुजवा.

आमच्या सातवीतल्या एका मुलीनं मला विचारलं, "बाई, सगळे पुढे गेले आणि मी मागे राहिले तर?" प्रश्न फार शहाणा होता. असं विचारायला पुष्कळांना लाज वाटते. मग ती मुलं दमली तरी बोलत नाहीत, पाय ओढत चालतात आणि घसरतात. म्हणून निघण्यापूर्वीच ठरवा : सर्वांत हळू चालणाऱ्याची चाल तीच गटाची चाल. सर्वांत मागे एक मोठं, वाट माहीत असलेलं माणूस हवंच. दम लागला तर 'थांबा' म्हणायचं, त्यात कमीपणा नाही. तीन शिट्ट्या म्हणजे 'मदत हवी' अशी खूण ठरवून घ्या. चुकलात तर आहात तिथेच थांबा आणि शिट्टी वाजवत राहा. ओढा गढूळ होऊन जोरात वाहत असेल, तर त्यात पाय घालायचा नाही, मग पलीकडून मित्र कितीही हाका मारोत. पाऊस थांबला की बऱ्याचदा पाणी उतरतं. तोवर बसून चिक्की खावी!

आई-बाबांनो, दोन शब्द तुमच्यासाठी. संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी नेणाऱ्यांना विचारा : किती मुलांमागे एक मोठं माणूस आहे? प्रथमोपचार कोणाला येतात? पाऊस वाढला तर मधूनच बाहेर पडायची सडक कोणती? खोऱ्यात मोबाइल लागेलच असं नाही, म्हणून हे आधीच कळायला हवं. मुलाला दमा किंवा ॲलर्जी असेल, तर लपवू नका, औषध सॅकमध्ये द्या. आणि सॅक मुलालाच भरू द्या. तुम्ही भरलीत, तर रात्री अंधारात बॅटरी कुठे आहे हे त्याला कसं कळणार?

या आठवड्याचा उद्योग : शनिवारी रात्री मोठ्यांना सांगून अंगणात, गच्चीवर किंवा गॅलरीत मुक्काम करा. लागेल ते फक्त सॅकमधूनच घ्यायचं, घरात जाऊन काही आणायचं नाही. डोळे मिटून बॅटरी शोधा. सकाळी दोन याद्या करा : काय विसरलं आणि काय उगाच नेलं. दोन्ही याद्या मला पत्रानं पाठवा. दुसरी यादी जास्त लांब निघेल, पाहा!

– तुमच्या बाई