विमानाला 'ऊन' लागतं का? चिपची परीक्षा घेणाऱ्या मुंबईतल्या यंत्राची गोष्ट

२८ नोव्हेंबर २०२५ ला एअरबसने ए-३२० मालिकेतल्या सुमारे ६,००० विमानांची तातडीने दुरुस्ती करायला सांगितली. त्याच रात्री लातूरहून मावसभावाचा मेसेज आला, "दादा, उन्हामुळं विमानं थांबवतात का? मग आपल्याकडं मे महिन्यात एसटी कशी काय चालते?"

हसू आलं, पण प्रश्न चांगला होता. उत्तर थेट तुमच्या खिशातल्या मोबाइलपर्यंत येतं.

नेमकं झालं काय?

३० ऑक्टोबरला अमेरिकेतल्या जेटब्लू कंपनीचं ए-३२० विमान हवेत असताना अचानक खाली गेलं आणि काही प्रवासी जखमी झाले. एअरबसचं म्हणणं असं, की सूर्याकडून येणाऱ्या तीव्र किरणोत्सर्गामुळे विमानाच्या कंट्रोल कॉम्प्युटरमधला डेटा बिघडू शकतो. बहुतेक विमानांत सॉफ्टवेअरची आधीची आवृत्ती परत टाकून काम भागलं.

इथे ऊन म्हणजे उष्णता नाही, तर प्रचंड वेगाने येणारे सूक्ष्म कण. असा कण चिपमध्ये घुसला की वाटेत विद्युतभार तयार होतो आणि मेमरीतल्या ० चा १ होऊ शकतो. चिप जळत नाही, पण खोटं बोलते. याला 'बिट फ्लिप' म्हणतात.

२००३ मध्ये बेल्जियममधल्या स्कारबेक इथे इलेक्ट्रॉनिक मतदानात एका उमेदवाराला ४,०९६ मतं जास्त मिळाली. हा आकडा दिसला की आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांची ट्यूब पेटते, कारण तो बरोबर २ चा १२ वा घात आहे. म्हणजे एकच बिट उलटा झाला होता. अवकाशातून आलेला कण हेच त्याचं सर्वात शक्य कारण मानलं गेलं.

चिपची परीक्षा कुठे घेतात?

अवकाशातून कण कधी येईल याची वाट बघत बसता येत नाही. म्हणून प्रवेगक यंत्रात कणांचा झोत, म्हणजे बीम तयार करतात आणि चिप त्याच्यासमोर ठेवतात. चिप चालू ठेवायची, कण सोडायचे आणि किती बिट उलटले ते मोजायचं.

असं एक यंत्र महाराष्ट्रातच आहे. मुंबईत कुलाब्याला टीआयएफआरच्या आवारात भाभा अणुसंशोधन केंद्र आणि टीआयएफआर यांचं पेलेट्रॉन डिसेंबर १९८८ मध्ये सुरू झालं. १४० लाख व्होल्ट क्षमतेच्या या यंत्रात ऋणभारित आयन वरून ओढले जातात. मधोमध त्यांचे इलेक्ट्रॉन काढून घेतात. आता ते धनभारित झाल्यामुळे तोच व्होल्टेज त्यांना पुढे ढकलतो. एका व्होल्टेजचा दोनदा उपयोग! इस्रोच्या चिप्सच्याही चाचण्या इथे झाल्या आहेत.

अपग्रेड म्हणजे फक्त ताकद नाही

२००७ मध्ये या यंत्राला लिनॅक हा बूस्टर जोडला गेला. शिशाचा मुलामा दिलेले तांब्याचे २८ रेझोनेटर द्रवरूप हेलियमने उणे २६९ अंशांच्या आसपास थंड ठेवतात आणि ते कणांना आणखी वेग देतात. जास्त ऊर्जा म्हणजे कण सिलिकॉनमध्ये जास्त खोल जातो. वरवर अडकला तर परीक्षा अर्धवट राहते.

पण वापरणाऱ्याच्या बाजूने बघा. अणुकेंद्राचा अभ्यास करणाऱ्याला बहुतेक वेळा भरपूर कण हवे असतात. चिपवाल्याला थोडे, मोजलेले आणि सगळीकडे सारखे पसरलेले कण हवेत. त्याला एका प्रकारच्या कणावरून दुसऱ्यावर पटकन जायचं असतं आणि मुख्य म्हणजे हक्काचे तास हवे असतात. हे मिळालं तरच अपग्रेडचा उपयोग.

जिनिव्हाच्या सर्नचं उदाहरण घ्या. १९६० च्या दशकातल्या त्यांच्या ईस्ट एरिया या टेस्ट बीम केंद्रात कण एका वेळी अर्ध्या सेकंदापेक्षाही कमी वेळ यायचे, पण चुंबक सतत चालू. आपल्या लातूरच्या भाषेत सांगायचं, तर नळाला पाणी आठवड्यातून एकदा आणि मोटार चोवीस तास चालू! २०१९ ते २०२१ मध्ये केलेल्या नूतनीकरणात बीम येईल तेवढ्यापुरतेच चुंबक चालवायची सोय झाली आणि त्यातली ऊर्जा परत साठवली जाऊ लागली. वीज सुमारे ९० टक्के वाचली.

आपल्या कामाचं काय?

मार्च २०२५ मध्ये मोहालीत बनलेला विक्रम ३२०१ प्रोसेसर इस्रोकडे सोपवला गेला. चिप्स टू स्टार्टअप योजनेत कॉलेजांना डिझाइनची सॉफ्टवेअर मिळतात. चिप बनवण्यावर रोज चर्चा होते, तिची परीक्षा घेण्यावर मात्र जवळजवळ नाहीच.

मी मराठवाड्यातल्या कॉलेजात शिकलो. फायनल इयरचा आमचा बोर्ड टेबलावर चालला, टाळ्या पडल्या, विषय संपला. तो किरणोत्सर्गात टिकेल का, हे कुणी विचारलं नाही. आम्हालाही सुचलं नाही, कारण असा बीम असतो हेच माहीत नव्हतं.

लातूर एक्स्प्रेसने रात्री निघालं की सकाळी मुंबई. नांदेडहूनही थेट गाड्या आहेत. तेव्हा अडचण अंतराची नाही. बीम टाइमसाठी प्रस्ताव द्यावा लागतो आणि तो कसा लिहायचा हे शिकवणारं कुणी नसतं. त्यामुळे पुढच्या अपग्रेडच्या यादीत हेलियम आणि चुंबकांबरोबर एक ओळ असावी असं मला वाटतं: पहिल्यांदा येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी वर्षातले थोडे राखीव तास आणि मराठीतही समजेल असा साधा अर्ज.

मावसभावाला उत्तर पाठवलं, "एसटीला ऊन चालतं, चिपला कण चालत नाहीत." तो इलेक्ट्रॉनिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याचा पुढचा मेसेज होता, "दादा, तो अर्ज कुठं भरायचा?"