परदेशातला हिवाळा आणि 'फिरायला पाठवलंय का तुला?'

मुलगा किंवा मुलगी शिकायला परदेशी गेली आणि तिथला पहिला हिवाळा सुरू झाला, की पालक डॉक्टरांना ठरावीक प्रश्न विचारतात. "हल्ली सारखा झोपलेला असतो," "फोनवर धड बोलत नाही," "वजन वाढलंय, आळस आलाय." आणि कधी याच्या अगदी उलट तक्रार असते: "अभ्यास सोडून भटकत असते, रोज नवे फोटो!"

माझं मत आधीच सांगतो. हिवाळ्यात रोज दुपारी तासभर पुस्तक मिटून बाहेर पडणं आणि सुटीच्या दिवशी मित्रांबरोबर वेळ घालवणं ही तिथे चैन नाही, प्रकृतीची गरज आहे. भटकणाऱ्या मुलीची नव्हे, दिवसभर खोलीत बसणाऱ्या मुलाची चौकशी आधी करावी.

दिवस किती लहान असतो?

स्कॉटलंडमधल्या एडिनबराचं उदाहरण घेऊ. मुंबई साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे, एडिनबरा ५६ अंशांवर. मुंबईत वर्षातला सर्वांत लहान दिवससुद्धा ११ तासांचा असतो. एडिनबरात डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तो जेमतेम ७ तासांचा होतो. सकाळी पावणेनऊच्या सुमारास उजाडतं आणि दुपारी पावणेचारच्या आत सूर्य मावळतो. त्यातही बरेचदा ढग असतात.

आता विद्यार्थ्याचा दिवस पाहा. सकाळी अंधारात वर्गात जायचं, दुपार लायब्ररीत काढायची, संध्याकाळी दुकानात किंवा हॉटेलात कामाची पाळी. असे आठवडेच्या आठवडे उजेड न पाहता जाऊ शकतात. एका वर्षाच्या मास्टर्सला सप्टेंबरात गेलेल्या मुलांच्या परीक्षा आणि असाइनमेंट नेमक्या याच अंधाऱ्या महिन्यांत येतात.

शरीरात काय होतं?

डोळ्यांत शिरणारा उजेड मेंदूतल्या घड्याळाला वेळ सांगतो. सकाळचा उजेड कमी पडला की हे घड्याळ मागे पडतं. रात्री उशिरापर्यंत झोप येत नाही, सकाळी उठवत नाही, दिवसभर सुस्ती राहते. काहींमध्ये हे इतकं वाढतं की त्याला आजार म्हणावं लागतं. दर हिवाळ्यात येणाऱ्या या नैराश्याचं वर्णन अमेरिकेतले डॉ. नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये केलं. यात झोप वाढते, गोड आणि पिठूळ पदार्थ खावेसे वाटतात, वजन वाढतं, माणसं नकोशी होतात. घरून पाहणाऱ्याला तो निव्वळ आळस वाटतो.

खोलीतल्या दिव्याखाली साधारण १०० ते ३०० लक्स उजेड असतो. ढगाळ दुपारी बाहेर त्याच्या कितीतरी पट मिळतो. म्हणून "ऊनच नाही, मग बाहेर जाऊन काय करू?" हा विचार चुकीचा आहे.

गोळीने भागेल का?

व्हिटॅमिन डी घ्यायला हवं. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर ते मार्चच्या सुरुवातीपर्यंतच्या उन्हातून त्वचेला ते पुरेसं तयार करता येत नाही. म्हणून तिथली आरोग्यसेवा या काळात सगळ्यांना रोज १० मायक्रोग्रॅम, म्हणजे ४०० युनिटची गोळी सुचवते. सावळ्या त्वचेच्या लोकांनी ती वर्षभर घ्यावी असाही सल्ला आहे. मात्र इथून ६०,००० युनिटच्या पुड्या बॅगेत भरून देऊन "आठवड्याला एक घेत जा" असं परस्पर सांगू नका. जास्त प्रमाणात रक्तातलं कॅल्शियम वाढून त्रास होतो. शिवाय ही गोळी हाडांसाठी आहे. मेंदूच्या घड्याळाला लागणारा उजेड गोळीत नसतो.

मग करायचं काय?

दुपारी ११ ते २ मधला अर्धा-पाऊण तास चालण्यासाठी राखून ठेवा. डबा खाऊन लगेच निघालात तरी चालेल. थर्मल, टोपी, पाणी आत न शिरणारे बूट यांवर खर्च करा. बर्फ गोठलेल्या पायवाटा मात्र टाळा. एडिनबराच्या बोटॅनिक गार्डनला आणि राष्ट्रीय संग्रहालयाला प्रवेश फुकट आहे. शनिवारी सकाळी साडेनऊला पार्करन असतं: पाच किलोमीटर, फुकट, आणि चालत पूर्ण केलं तरी कुणी काही म्हणत नाही. ओळखी अशाच ठिकाणी होतात. अंधार पडल्यावर एकत्र स्वयंपाक करा, पत्ते खेळा, बॅडमिंटनला जा. एकट्याने खोलीत बाटली घेऊन बसणं हा विरंगुळा नव्हे; दारूने झोप आणि मन दोन्ही आणखी बिघडतात.

पालकांसाठी एक अगदी साधी गोष्ट. हिवाळ्यात ब्रिटनचं घड्याळ आपल्या साडेपाच तास मागे असतं. रविवारी आपण संध्याकाळी सहाला व्हिडिओ कॉल लावतो, तेव्हा तिथे दुपारचे साडेबारा वाजलेले असतात. म्हणजे आठवड्यातला सर्वांत चांगला उजेड मूल आपल्याशी बोलत खोलीत बसून घालवतं. रात्री साडेनऊनंतर फोन करा, तोवर तिथे अंधार पडलेला असतो. नाहीतर "चालता चालता बोल" म्हणा.

"एवढं कर्ज काढून फिरायला पाठवलंय का तुला?" हे वाक्य गमतीतही नको. कर्जाचं ओझं मुलांना ठाऊक असतं. अशा वाक्यांनी ती भटकणं थांबवत नाहीत, सांगणं थांबवतात. मग खरंच मन खचलं तरी ते घरी कळत नाही.

डॉक्टरांकडे कधी जायचं?

दोन आठवड्यांहून अधिक काळ रोज उदास वाटत असेल, कशातच रस उरला नसेल, वर्ग बुडत असतील, तर नुसत्या चालण्यावर विसंबू नका. विद्यापीठाची समुपदेशन सेवा विद्यार्थ्यांसाठी मोफत असते. तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे, म्हणजे जीपीकडे, नाव पोचल्याबरोबर नोंदवून ठेवावं. या सेवेचे पैसे व्हिसाबरोबरच भरलेले असतात. काहींना १०,००० लक्सचा लाईट बॉक्स सकाळी अर्धा तास वापरून फायदा होतो, पण डोळ्यांचा किंवा बायपोलर आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं. जीव नकोसा वाटत असेल तर ११६ १२३ या मोफत क्रमांकावर चोवीस तास बोलता येतं आणि तातडीच्या वेळी ९९९.

"जेवलास का? अभ्यास झाला का?" हे तर आपण विचारणारच. त्याच्या जोडीला "आज उजेडात बाहेर गेलास का, कुणाबरोबर गेलास?" हेही विचारा. दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावरून मुलाची तब्येत जास्त कळते.