फावल्या वेळाची किंमत

आपल्याकडे हातात दोरा घेऊन बसलेल्या बाईला हमखास दोन प्रश्न विचारले जातात. पहिला, "कशाला डोळे फोडून घेतेस?" आणि दुसरा, "मग हे विकत का नाहीस?" पहिल्यात काळजी असते, दुसऱ्यात कौतुक. पण दोन्हींच्या मुळाशी समजूत एकच. ज्या कामातून पैसा येत नाही तो रिकामपणाचा उद्योग, आणि चार पैसे आले की तीच बाई एकदम कर्तबगार! गेली काही वर्षे मी टॅटिंगच्या वाचनखुणा, फुले, चांदण्या असले बारीकसारीक प्रकार करते. त्यामुळे हे दोन्ही प्रश्न माझ्या चांगले ओळखीचे झाले आहेत.

टॅटिंग म्हणजे गाठींची लेस. क्रोशात सुई लागते, विणकामात दोन सुया लागतात, इथे लागते ते एक शटल. विणकराच्या धोट्याचे चिमुकले भावंडच म्हणा ना, बोटाएवढे आणि होडीच्या आकाराचे. त्यात दोरा गुंडाळायचा, डाव्या हाताच्या बोटांभोवती दोऱ्याचा वेढा घ्यायचा आणि शटल त्याच्या खालून-वरून फिरवत गाठी मारायच्या. दोन अर्ध्या गाठी मिळून एक पुरी गाठ होते. सगळी मेख आहे ती गाठ उलटण्यात. गाठ आपण मारतो शटलच्या दोऱ्याने, पण नेमक्या क्षणी तो दोरा ताणला आणि बोटांवरचा सैल सोडला, की गाठ टुणकन उडी मारून दुसऱ्या दोऱ्यावर जाते. शटलचा दोरा मधून सरळ, मोकळा राहतो. म्हणूनच शेवटी तो ओढला की सगळ्या गाठी सरकत जवळ येतात आणि एक गोल कडे तयार होते. दोन गाठींमध्ये थोडी जागा सोडली की तिथे नाजूक फास उभा राहतो, त्याला पिको म्हणतात. शोभेचा पिको तोच, आणि शेजारचे कडे जोडायचे तेही त्याच्यातच. कडी, कमानी आणि पिको, एवढ्या तीन गोष्टींवर हे सगळे शास्त्र उभे आहे.

मात्र या कलेला विसराळूपणा खपत नाही. क्रोशाचे काम चुकले तर दोरा ओढून भराभर उसवता येते. इथे कडे एकदा घट्ट बंद झाले की ते उघडताना नाकी नऊ येतात, बहुतेक वेळा कात्रीच लावावी लागते. म्हणून गाठी मोजत बसायचे. पाच गाठी, पिको, पाच गाठी, पिको. या मोजण्यात जो निवांतपणा आहे तो मला दूरदर्शनच्या मालिकांत कधी सापडला नाही आणि मोबाइलमध्ये तर नाहीच.

या कामाची देशोदेशीची नावे मोठी गमतीची आहेत. फ्रेंच लोक याला 'फ्रिव्होलिते' म्हणतात, म्हणजे थिल्लरपणा. इटालियन भाषेतले 'कियाक्किएरिनो' हे नाव गप्पांवरून आलेले. थोडक्यात, बायका गप्पा मारता मारता करतात ते काहीतरी! आता हा थिल्लरपणा कोणी कोणी केला ते पाहा. रुमानियाची राणी एलिझाबेथ, जी 'कार्मेन सिल्वा' या नावाने कविता लिहीत असे, ती टॅटिंगमध्ये निष्णात होती. उलट १८४० च्या दशकात आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक कुजून दुष्काळ पडला, तेव्हा लेस करणे हा तिथल्या कितीतरी घरांचा आधार झाला. एकीकडे राणीचा विरंगुळा, दुसरीकडे उपाशी घरातली भाकरी. दोरा तोच, बोटेही तशीच. फरक एवढाच, की राणीला कोणी "हे विकत का नाहीस?" असे विचारले नसेल.

आपल्या देशातले उदाहरण याहून बोलके आहे. आंध्रात गोदावरीकाठी नरसापूर नावाचे गाव आहे. मिशनऱ्यांनी तिथे लेसकाम नेले आणि पुढे तिथल्या क्रोशाच्या लेसचा मोठा निर्यातव्यापार उभा राहिला. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी त्या विणणाऱ्या बायकांचा अभ्यास करून १९८२ मध्ये पुस्तक लिहिले. त्यातला मुद्दा मनाला लागून राहतो. या बाया घरचे सगळे आवरून रोज तासन् तास लेस विणत, आणि ती परदेशी जाई. पण त्यांना कामगार कोणी म्हणत नसे. त्या 'गृहिणी', आणि त्यांचे काम 'फावल्या वेळातले'. एकदा काम फावल्या वेळातले ठरले की त्याची मजुरी कितीही कमी देता येते! फावला वेळ हा शब्द किती महाग पडू शकतो, ते नरसापूरच्या बायकांना विचारावे.

आता घरचा हिशेब मांडू. एका साध्या वाचनखुणेला माझे चार तास जातात. दोऱ्याचा खर्च फार तर दहा रुपये. अशी खूण साठ रुपयांना मागितली तरी लोक म्हणतात, "एवढ्याशा दोऱ्याचे साठ?" दोरा वजा केला तर तासाला साडेबारा रुपये पडले. घरी धुणेभांडी करणाऱ्या बाईंना आपण हा दर सांगण्याची हिंमत करणार नाही. मग संक्रांत जवळ आली की हमखास कोणीतरी गोड आवाजात विचारते, "हळदीकुंकवाला वाण लुटायला पन्नास खुणा करून द्याल? दोरा मी आणून देते." पन्नास खुणा म्हणजे दोनशे तास. रोज आठ तास धरले तर पंचवीस दिवस, तेही एक सुट्टी न घेता. आणि त्यांच्या मते द्यायची गोष्ट कोणती, तर दोरा!

विक्रीला माझा विरोध नाही. ज्या बाईला गरज आहे तिने जरूर विकावे, पण तासांचा दर लावून, आणि घेणाऱ्यानेही तो मुकाट द्यावा. तो परवडत नसेल तर यंत्रावरची लेस दुकानात मीटरवर मिळते. आणि ज्याला विकायचे नाही त्याला छंद छंद म्हणून करू द्यावा. मी एखाद्या मैत्रिणीला तिच्या पुस्तकात घालायला खूण देते, तेव्हा माझ्या आयुष्यातले चार तास तिला देते. त्याची पावती फाडायची नसते. मला खुपते ती या दोहोंमधली जागा. "घरबसल्या चार पैसे मिळतील, तुझा वेळही जाईल," अशी जी सोय आपण सांगतो, तिथे छंदातला आनंदही जातो आणि कामाचा मोबदलाही मिळत नाही. वेळ 'जाईल' म्हणायला तो काय कोणाच्या अंगावर साचलेला असतो?

यावर उपाय मला एकच दिसतो. प्रत्येकाने एकदा तरी एक कडे करून पाहावे. शाळेत कार्यानुभवाचा तास असतो, तिथे मुलींबरोबर मुलांनीही करावे. गाठ उलटायला शिकण्यात पहिले दोन दिवस जातात, दोरा मळतो, बोटे अवघडतात. मग एकदम ती जमते. ज्या मुलाने स्वतः एक कडे पुरे केले तो पुढे आयुष्यात कोणाच्या हातच्या कामाची घासाघीस करताना दोनदा विचार करील. आजीने केलेला क्रोशाचा रुमाल माळ्यावर टाकण्याआधी उलगडून पाहील.

तेव्हा येत्या संक्रांतीला ज्यांना वाण लुटायचे आहे त्यांना माझी एक सूचना आहे. प्लॅस्टिकचे एक शटल आणि दोऱ्याचा छोटा गुंडा असे वाण लुटा. ते स्वस्तात होईल. आणि पुढच्या संक्रांतीला कोणी "पन्नास खुणा करून देता का?" असे विचारायला येणार नाही. आलेच, तर दर विचारून येतील.